पाठदुखीच्या दहा सिटिंग आणि न विचारलेले पाच प्रश्न

सप्टेंबर २०२५ मधले ते दोन दिवस विज्ञानाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्यांना आठवत असतील. ९ सप्टेंबरला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. १० सप्टेंबरला, विषयाचा अधिक विचार व्हायला हवा असे सांगून, तेच पत्र मागे घेतले गेले. वादाचे मूळ त्याच वर्षी आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात होते. फिजिओथेरपिस्टला नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लिहिता येईल, असे त्यात म्हटले होते. मग दोन्ही बाजूंच्या संघटना सरसावल्या, निवेदने निघाली, आणि समाजमाध्यमांवर कित्येक आठवडे धुळवड चालली. त्या सगळ्या गदारोळात मी एका वाक्याची वाट पाहत होतो. ते शेवटपर्यंत कुणी उच्चारले नाही. पाठ दुखते म्हणून जो माणूस दार ठोठावतो, त्याच्या मणक्याला खरोखर काय झाले आहे हे पहिल्या भेटीत कोण पाहणार?

माझ्या नावाआधीही ‘डॉ.’ आहे. तो पदार्थविज्ञानातला आहे, त्यामुळे या पोस्टकडे वैद्यकीय सल्ला म्हणून पाहू नये. पण या विषयावर बोलण्याचा माझा हक्क पदवीतून आलेला नाही. तो माझ्या पाठीतून आलेला आहे.

पीएच.डी.च्या पाचव्या वर्षी माझी पाठ दुखू लागली. दुखणे दोन्ही खांद्यांच्या मध्ये, किंचित खाली. दिवसाचे दहा-बारा तास लेझरच्या टेबलावर ओणवे होऊन आरसे जुळवणाऱ्याची पाठ दुखणारच, अशी मीच माझी समजूत घातली. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत वेदनाशामक गोळ्या लिहिल्या आणि खाली एकच शब्द लिहिला : ‘फिजिओ’. त्या एका शब्दाच्या चिठ्ठीवर मी एका उपचारकेंद्रात दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरले. शेक, पाठीला चिकटवलेल्या पॅडमधून मुंग्या आणणारा विजेचा प्रवाह, मग व्यायाम. रोज वेगळा मदतनीस असे. एक्स-रे काढला, तो ‘नॉर्मल’ आला. दहा सिटिंग संपल्या, पुढच्या दहा सुरू झाल्या. असे चार महिने गेले.

एके दिवशी नेहमीचे लोक रजेवर होते म्हणून नुकतीच पदवी घेतलेली एक फिजिओथेरपिस्ट माझ्या वाट्याला आली. यंत्र लावण्याआधी तिने मला समोर बसवले आणि विचारले, पॅन्टच्या पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले आहे का? पाडावे लागले होते, एक सोडून दोन. प्रबंधाच्या ताणाने वारलो असेन, असे मी स्वतःला सांगितले होते. तिने मणक्यांवरून एकेक करत हलकेच मूठ आपटली, आणि एका ठिकाणी मी कळवळलो. त्या दिवशी तिने मला शेक दिला नाही, व्यायाम दिला नाही. पानभर पत्र लिहून दिले आणि ते घेऊन त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात जायला बजावले. एमआरआय झाला, सुई घालून नमुना काढला गेला. निदान निघाले मणक्याच्या क्षयरोगाचे. वर्षाहून अधिक काळ औषधे घेतली आणि बरा झालो. त्या चार महिन्यांत पायांतली ताकद गेली असती, तर ती परत आली असतीच याची हमी कुणी दिली नसती.

हा प्रसंग मी कुणाला दोषी ठरवण्यासाठी सांगत नाही. त्यात चुकले कोण आणि अचूक ठरले कोण, हे पाहावे. पहिली चूक ज्यांच्याकडे वादातीत वैद्यकीय पदवी होती त्यांच्याकडून झाली. दुसरी फिजिओथेरपीच्या केंद्राकडून झाली. तिसरी माझी स्वतःची, आणि मी तर मोजमापावर जगणारा माणूस. आजार ओळखला तो ज्या व्यवसायाच्या नावातली दोन अक्षरे काढायला आपण निघालो होतो, त्याच व्यवसायातल्या सर्वांत धाकट्या व्यक्तीने. म्हणून माझे म्हणणे असे : पाठदुखीचा रुग्ण ज्याच्यापुढे प्रथम येऊन बसतो, त्याची पदवी कोणतीही असो, दुखण्यामागे गंभीर कारण नाही ना हे पाहणे हे त्याच्या उपचाराचे पहिले अंग आहे. आणि ते पाहताना या देशातल्या आजारांचे प्रमाण ध्यानात घेतले पाहिजे. आज या दोन्ही गोष्टी आपण योगायोगावर सोडल्या आहेत. माझ्या बाबतीत तो योगायोग म्हणजे कुणाची तरी रजा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटाही नाही. बहुतेक पाठदुखी निरुपद्रवी असते. उसण भरते, लचक भरते, काही आठवड्यांत माणूस पूर्ववत होतो. मग प्रत्येकाच्या मनात कर्करोगाचे भूत का उभे करायचे? या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा सिडनीचा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्याने पाठ दुखू लागलेल्या ११७२ रुग्णांना वर्षभर नजरेखाली ठेवले होते. ते प्राथमिक स्तरावरचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कायरोप्रॅक्टर यांच्याकडे आलेले साधे रुग्ण होते. त्यांपैकी फक्त ११ जणांना गंभीर आजार निघाला, म्हणजे शेकडा एकालाही नाही. आणि त्या ११ पैकी ८ जणांचे मणक्याचे हाड मोडलेले होते. गंमत पुढे आहे. गंभीर आजाराच्या ज्या धोक्याच्या खुणा, म्हणजे ‘रेड फ्लॅग’, पाठ्यपुस्तकांत दिलेल्या असतात, त्यांतली किमान एक खूण ८०.४ टक्के रुग्णांत सापडली. शंभरातल्या ऐंशींवर लाल निशाण, आणि आजारी एक!

हा आकडा पाहून अनेक जण म्हणाले, रेड फ्लॅगची कल्पनाच निरुपयोगी आहे. मी मात्र हा आकडा पाहिला आणि वहीत एक लहानसा गुणाकार केला. त्या अभ्यासात २५ प्रश्न होते. समजा, निरोगी मणक्याच्या माणसाकडून प्रत्येक प्रश्नाला चुकून ‘हो’ येण्याची शक्यता केवळ ६ टक्के आहे आणि प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मग पंचवीसही प्रश्नांना ‘नाही’ येण्याची शक्यता ०.९४ चा पंचविसावा घात, म्हणजे सुमारे २१ टक्के. उरलेल्या ७९ टक्के निरोगी माणसांवर एखादे तरी निशाण लागणारच. प्रश्न प्रत्यक्षात इतके स्वतंत्र नसतात, हे मान्य. तरी हिशेबाचा कल स्पष्ट आहे. एकेक प्रश्न वाईट नव्हता. पंचवीस प्रश्नांची यादी करून त्यांतल्या कोणत्याही एका ‘हो’ला घंटा बांधणे, ही पद्धत वाईट होती. दिवसभर वाजणारी घंटा कुणी ऐकत नाही. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणूनच २०२० मध्ये फिजिओथेरपीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली, तिने यादीवर खुणा करण्याची रीत सोडली. मणक्याच्या गंभीर आजारांचे चार गट तिने समोर ठेवले : मज्जातंतूंच्या खालच्या जुडग्यावर दाब, अस्थिभंग, कर्करोग आणि जंतुसंसर्ग. खुणा सुट्या मोजायच्या नाहीत. रुग्णाचे वय, त्याचा पूर्वेतिहास आणि परिस्थिती यांच्यासह त्यांचा एकत्रित भार तोलायचा. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. हा बेझचा नियम आहे. नवा पुरावा किती बोलका आहे, एवढेच पाहून भागत नाही. पुरावा हाती येण्याआधी ती गोष्ट किती संभवत होती, हेही धरावे लागते.

आणि इथेच आपली खरी चूक आहे. आपण पुस्तके आयात केली. पुस्तकांतली पूर्वसंभाव्यताही त्यांच्यासोबत आली.

भारतात २०२४ साली दर लाख लोकसंख्येमागे क्षयाचे १८७ नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१५ मध्ये हा आकडा २३७ होता, म्हणजे घट मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण ऑस्ट्रेलियात हाच आकडा एक अंकी आहे. फरक वीसपटीहून अधिक. या वीसपटीचा अर्थ कळावा म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. यातले आकडे फक्त गणितासाठी धरलेले आहेत. समजा, पाठदुखीच्या हजार रुग्णांत एकाला मणक्याचा क्षय आहे. तीन खुणा घेऊ. पहिली क्षयाच्या रुग्णांत इतरांपेक्षा आठपट अधिक वेळा आढळते, दुसरी सहापट, तिसरी चौपट. तिन्ही स्वतंत्र मानल्या, तर तिन्ही एकत्र दिसल्यावर पारडे ८ × ६ × ४, म्हणजे १९२ पटींनी झुकते. आधी १ विरुद्ध ९९९ असलेले प्रमाण १९२ विरुद्ध ९९९ होते. संभाव्यता सुमारे १६ टक्के. आता क्षय वीसपट विरळ असलेल्या देशात हाच हिशेब करा. तिथे सुरुवातच वीस हजारांत एक अशी होते, आणि उत्तर येते सुमारे १ टक्का. खुणा त्याच, रुग्णाचे शब्द तेच, हाताला लागणारी वेदनाही तीच. तिथे शंभरात एक, इथे सहांत एक. तिथे ‘आणखी थोडे थांबून पाहू’ म्हणणारा फिजिओथेरपिस्ट शहाणा ठरेल. इथे तेच म्हणणारा चुकेल.

मणक्याचा क्षय हा भारतात विरळ, अभ्यासक्रमाबाहेरचा आजार नाही. हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यात असतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये पाठीला आलेले पोक आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध लिहून ठेवला होता. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये जगापुढे आणला, त्याच्याही शंभर वर्षे आधी. अमिताभ बच्चन यांना २००० साली मणक्याचाच क्षय झाला होता आणि उपचारांनी ते पूर्ण बरे झाले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पुढे क्षयनिर्मूलनाच्या मोहिमेचा चेहराही तेच झाले. तरी आजही क्षय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा माणूसच येतो. ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला’ हे वाक्य आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. पण देशात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्णांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा असतो. त्यांच्यासाठी असे एकही वाक्य आपण तयार केलेले नाही.

हा आजार फसवतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. त्यामुळे दुखणे एका रात्रीत भडकत नाही, ते चोरपावलांनी वाढते. ताप, घाम, वजन घटणे ही लक्षणे अनेक रुग्णांत नसतातच. छातीचा एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. मणक्याचा साधा एक्स-रे तर आरंभीच्या टप्प्यात दिलासा देतो आणि तो दिलासा खोटा असतो. एक्स-रेच्या चित्रातला उजेड-अंधार हाडातल्या खनिजावर ठरतो, आणि त्या खनिजापैकी ३० ते ५० टक्के नाहीसे होईपर्यंत चित्रात ठळक फरक दिसत नाही. एमआरआय मात्र मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा संदेश टिपतो. संसर्गाने हाडाच्या मज्जेत पाणी वाढले की तो बदल फार आधी नजरेस येतो. म्हणून संशय बळकट असताना ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य वैज्ञानिकदृष्ट्या पोकळ आहे. मी ते चार महिने उराशी धरून होतो.

मग सरसकट सगळ्यांचा एमआरआय करावा का? मुळीच नाही. २०१५ च्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३११० माणसांच्या चित्रांचे निष्कर्ष एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. त्यांना काहीही त्रास नव्हता. सगळ्यांचा एमआरआय केला, तर ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ अशा वाक्यांनी लाखो धडधाकट माणसे आजारी होतील, आणि ज्यांना यंत्राची खरी गरज आहे ते रांगेत मागे राहतील. यंत्र कुणासाठी, हे ठरवणारी चाळणी यंत्राच्या आधी लागते. ती चाळणी म्हणजे विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी. तिला वीज लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात. माझ्या मते तिच्यात किमान हे पाच प्रश्न हवेत.

१. दुखणे नेमके कुठे आहे, आणि विश्रांतीने ते कमी होते का? साध्या कंबरदुखीला बहुधा आराम देणारी एखादी स्थिती सापडते. जे दुखणे कोणत्याही कुशीवर थांबत नाही, आठवड्यागणिक वाढत जाते, किंवा कमरेऐवजी पाठीच्या मधल्या भागात एकाच जागी ठाण मांडून बसते, ते वेगळे काढावे. तरुण माणसाला पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळी अर्धा तास पाठ ताठ राहत असेल आणि हालचालीने ती सुटत असेल, तर तोही निराळा आजार असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो.

२. वजन, भूक, ताप, रात्रीचा घाम यांत काही बदल? ‘वजन कमी झाले का’ असे विचारल्यावर ज्या घरात काटा नाही तिथून उत्तर येत नाही. पट्ट्याचे भोक, सैल झालेला ब्लाउज, बोटातून निसटणारी अंगठी यांबद्दल विचारावे.

३. मागे काय झाले होते? कर्करोगाचा पूर्वेतिहास ही कर्करोगाच्या बाबतीत सर्वांत वजनदार खूण आहे; तिच्यापुढे इतर बऱ्याच खुणा फिक्या पडतात. घरात कुणाला क्षय झाला होता का, मधुमेह आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत का? दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा कुणीतरी दिलेल्या ‘गुणकारी’ पुडीतून दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात गेले असेल, तर हाड किरकोळ धक्क्यानेही मोडू शकते. जनावरांत काम करणाऱ्याला किंवा कच्चे दूध पिणाऱ्याला ब्रुसेला या जंतूचाही संसर्ग मणक्यात होतो.

४. पाय साथ देतात का? जिना चढताना गुडघा दगा देतो का, अंधारात तोल जातो का, चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, असे होते का? शेवटचा प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, कारण तिथली माणसे दिवसभर बुटांत वावरतात. मज्जारज्जूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते.

५. लघवी-शौचावरचे नियंत्रण आणि मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना शाबूत आहे का? कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. त्याच्यावर दाब आला की लघवी अडते, बसण्याच्या जागी बधिरपणा येतो, दोन्ही पायांत कळा जातात. इथे आठवडे मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर लघवीवरचे नियंत्रण कायमचे जाऊ शकते. आपल्या उपचारकेंद्रांत दोन खाटांमध्ये एक पडदा आणि शेजारी सासूबाई किंवा नवरा. अशा जागी कोणती स्त्री याचे उत्तर देईल? हा प्रश्न खालच्या आवाजात, बाजूला नेऊन, साध्या शब्दांत विचारण्याची सोय करणे हेही उपचारांतच येते.

यांपैकी एका ‘हो’ने घाबरायचे नाही, हे पुन्हा सांगतो, तसे केले तर आपण सिडनीच्या ऐंशी टक्क्यांत परत जाऊ. अपवाद चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचा. पायांची ताकद जाणे किंवा लघवी अडणे यांसाठी दुसऱ्या खुणेची वाट पाहायची नसते. बाकीच्यांसाठी सर्वांत प्रभावी चाचणी आहे दुसरी तपासणी. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे, पहिल्या नोंदीशी ताडून पाहावे, आणि मधल्या काळात काय झाले तर ताबडतोब यायचे हे रुग्णाला लिहून द्यावे. आगाऊ विकलेल्या दहा सिटिंगमध्ये नेमकी हीच गोष्ट मरते. पैसे भरलेले असतात, रोज निराळा माणूस यंत्र लावतो, आणि सुधारणा का नाही हे विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी ऊतींत ऊर्जा सोडते. त्या ऊतीत थकलेला स्नायू आहे, गाठ आहे की पू, हे लहरींना कळत नाही. गाठीवर आणि क्षयाच्या जागेवर असा शेक वर्ज्य आहे, हे फिजिओथेरपीच्याच पुस्तकांत लिहिलेले आहे. मान आणि पाठ कटकन मोडून दाखवणाऱ्या रील्सबद्दल तर काय बोलावे! तो आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो; मणका ‘जागेवर बसल्याचा’ नसतो. जंतूंनी पोखरलेल्या मणक्यावर तसा झटका दिला, तर जे होईल ते रीलमध्ये दिसणार नाही.

आता दोन्ही छावण्यांना दोन शब्द. फिजिओथेरपिस्टांनी फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच रुग्ण पाहावेत, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या चिठ्ठ्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. ‘फिजिओ’ या एका शब्दाने रुग्ण सुरक्षित होत नाही. उलट डॉक्टरांना वाटते पुढे कुणी तपासेल, आणि पुढच्याला वाटते मागे कुणी तपासले असेल. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून फिजिओथेरपिस्ट चिठ्ठीविना रुग्ण पाहतात आणि तिथे आकाश कोसळलेले नाही. आपल्याही २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टला तपासणी करण्याचा आणि स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार दिला आहे.

पण दुसऱ्या छावणीने हा अधिकार मिरवताना त्याचे ओझेही उचलावे. प्रथम संपर्काचा मान हवा असेल, तर प्रथम संशयाची जबाबदारीही घ्यावी लागेल. केवळ अभ्यासक्रमात एक धडा असून भागणार नाही. पदवी हाती पडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने संशयित रुग्णाची पुरेशी पत्रे प्रत्यक्ष लिहिलेली असावीत, आणि परीक्षेत ‘या रुग्णावर आज उपचार करणार नाही’ हेही पूर्ण गुणांचे उत्तर असावे. सरकारी रुग्णालयांनी असे पत्र घेऊन आलेल्या रुग्णाला पुन्हा पहिल्या खिडकीपासून फिरवू नये. क्षयनिर्मूलन कार्यक्रमाने खोकल्याच्या वाक्याशेजारी पाठदुखीचे एक वाक्य जोडावे. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचे आपले लक्ष्य हुकले आहे, आणि उरलेल्या रुग्णांपैकी काही आज कुठल्यातरी उपचारकेंद्रात शेक घेत आहेत. सिडनीत ११७२ रुग्ण मोजता येतात, तर रोज हजारोंनी रुग्ण पाहणाऱ्या या देशालाही मोजदाद करणे अवघड नाही. आपली पूर्वसंभाव्यता आपणच मोजली पाहिजे; ती उसनी मिळत नाही.

‘डॉ.’ कुणी लावायचा याचा निकाल न्यायालये आणि आयोग यथावकाश लावतील. तो काहीही लागो, माझ्या मणक्याला त्याने फरक पडला नसता. फरक पडला तो एका प्रश्नाने. तुमच्यापैकी जे फिजिओथेरपी किंवा वैद्यक शिकत आहेत, त्यांनी तो प्रश्न विचारण्याची सवय आजपासून लावून घ्यावी. आणि जे फक्त रुग्ण म्हणून त्या खाटेवर जाणार आहेत, त्यांना एवढेच सांगेन : दहा सिटिंगचे पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न तुम्हाला कुणी विचारले नाहीत, तर न विचारता तुम्हीच त्यांची उत्तरे सांगायला लागा.